ओल्या लाकडाची घाई

परवा एका मित्राचा फोटो आला. घरामागे नवाकोरा डेक, फळ्यांच्या टोकांना अजून स्टेपल केलेल्या प्लॅस्टिकच्या चिठ्ठ्या. खाली एकच ओळ : "कुठला स्टेन लावू? हा वीकेंड मोकळा आहे, उरकून टाकतो."

मी लिहिलं, "थांब."

"किती दिवस?"

"लाकूड सांगेल तोपर्यंत."

यावर त्याने हात जोडलेला स्मायली पाठवला. म्हणजे 'महाराज, प्रवचन नको, डब्यावरचं नाव सांगा.' त्याचंही चूक नाही. आपण सगळेच तसे आहोत. चार रिव्ह्यू वाचायचे, तारे मोजायचे, मागवायचं, वापरायचं. पण मी एकदा हा प्रश्न असाच चार तारे मोजून सोडवला होता आणि त्याची फेड करण्यात माझे दोन उन्हाळे गेले. म्हणून आज हे प्रवचन. ज्यांना फक्त नाव हवंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, कारण नाव मी शेवटपर्यंत सांगणार नाहीये.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधी थोडी प्रस्तावना. अमेरिकेत, निदान आमच्या न्यू जर्सीत, स्वतंत्र घर घेतलं की मागच्या दाराला लागून लाकडी डेक हवाच. डेक म्हणजे जमिनीपासून उचललेली, फळ्यांची, वरून उघडी पडवी. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे चहा, शेगडीवर कणसं, मुलांचे वाढदिवस. हिवाळ्यात त्याच फळ्यांवर फूटभर बर्फ. म्हणजे ज्या लाकडाला आपण घरात फर्निचर म्हणून जपतो, तेच इथे वर्षभर ऊन, पाऊस, बर्फ खात आडवं पडलेलं असतं. बरं, ते सागवान नसतं. ते असतं पाइन, आपल्याकडे यंत्रांची खोकी करतात त्या जातकुळीतलं. पूर्वेकडच्या राज्यांत बहुतेक सदर्न यलो पाइन. नुसतं ठेवलं तर मातीजवळ काही वर्षांत कुजेल.

म्हणून त्याला औषध पाजतात. हे 'प्रेशर ट्रीटेड' प्रकरण मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. लाकडाचे गठ्ठे एका लांबलचक पोलादी नळकांड्यात ढकलायचे, झाकण लावायचं, आधी आतली हवा ओढून घ्यायची, मग पाण्यात कालवलेलं औषध आत सोडून त्यावर दाब द्यायचा. लाकडाच्या पेशींतली हवा गेलेली असते, तिथे औषधाचं पाणी घुसतं. औषधातला मुख्य घटक तांबं. द्राक्षबागेत किंवा कोकणात सुपारीवर मोरचूद आणि चुन्याची फवारणी कशासाठी करतात? बुरशी येऊ नये म्हणून. इथेही तेच तांबं, तेच काम. नव्या डेकला जो किंचित हिरवट रंग दिसतो, तो त्या तांब्याचा.

आणि यात एक गोष्ट आपल्या घरची आहे. या धंद्यात कित्येक दशकं राज्य केलं ते सीसीए नावाच्या मिश्रणाने : क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक, म्हणजे चक्क सोमल. ते शोधलं सोंटी कामेसम या भारतीय संशोधकाने, १९३३ साली, देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत. १९३८ साली त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. अमेरिकेतल्या विजेच्या खांबांपासून घरोघरच्या डेकपर्यंत हे मिश्रण पोचलं. पुढे सोमलाची भीती वाढली आणि उत्पादकांनी ईपीएशी केलेल्या करारानुसार २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडातून ते काढून घेतलं. आता तांब्याची दुसरी मिश्रणं वापरतात. तर मुद्दा असा, की पुढच्या वेळी डेकवर उभं राहून कोणी 'अमेरिकन टेक्नॉलॉजी' म्हणालं, तर देहरादूनचं नाव जरूर सांगा.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी गडबड इथे होते. हे औषध बुरशीपासून आणि वाळवीपासून वाचवतं. बस्स. पाण्यापासून नाही आणि उन्हापासून तर अजिबात नाही. उन्हातले अतिनील किरण लाकडातल्या लिग्निनचे तुकडे करतात. लिग्निन म्हणजे लाकडाचे धागे एकमेकांना धरून ठेवणारा गोंद. तो गेला की वरचे धागे सुटतात, लाकूड राखाडी होतं. पावसात फळी फुगते, उन्हात आकसते, पुन्हा फुगते, आणि हे करता करता तिला चिरा पडतात, कुसळं निघतात. शेजारचे लोक डेकवर बूट घालून वावरतात, त्यांना कुसळांचं एवढं काही वाटत नाही. आपण अनवाणी! स्टेन लावायचा तो यासाठी. तो शोभेचा रंग आहेच, पण मुख्यतः ती लाकडाची छत्री आणि टोपी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे औषध पाण्यातून आत गेलं आहे. वखारीतून आलेली फळी उचलून बघा, पाठ धरेल इतकी जड असते. ते वजन पाण्याचं. म्हणजे नवा डेक हा कोरडा डेक नसतो. तो दिसतो कोरडा.

हे सगळं मला २०१६ साली माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणण्यापेक्षा, माहीत करून घ्यायला वेळ नव्हता. आमचं पहिलं घर, पहिला डेक, आणि आई-बाबा जूनमध्ये पहिल्यांदाच अमेरिकेला येणार होते. तिकिटं आधीच काढलेली. डेक बांधून संपला मेच्या शेवटी. बांधणाऱ्याने जाताना सांगितलं, "आठवड्याभरात कोटिंग मारून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं बघायला नको." दुकानात गेलो तर तिथल्या माणसाने त्यांच्याकडचा सगळ्यात महाग डबा पुढे केला. दाट, मळलेल्या कणकेसारखा, सॉलिड रंगाचा. डब्यावर लिहिलेली वर्षं वाचूनच मी खूश झालो. आमच्या धंद्यात रिलीजची तारीख ठरलेली असली की माणूस कुठल्याही आश्वासनावर विश्वास ठेवतो.

आई-बाबा आले. जेट लॅगमुळे बाबा पहाटे चारला उठून डेकवर जाऊन बसायचे. शनिवारी मी ब्रश, रोलर, डबे मांडून तयारी केली, तेव्हा त्यांनी वाकून फळीवर तळवा टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"अरे, हे ओलं आहे."

"बाबा, आठ दिवस पाऊस नाही."

"पावसाचं नाही म्हणत मी. आतून ओलं आहे. गार लागतंय बघ हाताला. नव्या गिलाव्यावर कोणी लगेच रंग काढतं का? पोपडे येतात."

बाबांची सगळी नोकरी बँकेत गेली, पण साताऱ्याचं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. प्रत्येक भिंतीवर पाणी मारलेलं, प्रत्येक मिस्त्रीशी भांडलेलं. मी मात्र त्यांना समजावलं, की इथलं केमिकल वेगळं असतं, हे गिलावा नाही, मी सगळं वाचलंय. 'मी सगळं वाचलंय' हे वाक्य मी किती सहज बोललो ते आता आठवलं की कसंतरीच होतं. ते काही बोलले नाहीत. दुसरा ब्रश उचलला आणि माझ्या बरोबरीने कठड्याला रंग लावायला लागले. दोन दिवस. चौऱ्याहत्तर उभे दांडे होते त्या कठड्याला. मला हा आकडा अजून पाठ आहे, का ते सांगतोच.

डेक दिसत होता मात्र झकास. बदामी रंगाचा, गुळगुळीत, एखाद्या कॅटलॉगमधला. आईने सुती चादर अंथरून त्यावर कुरडया वाळत घातल्या. (चादर हवीच. ट्रीटेड लाकडाला खाण्याच्या वस्तू थेट लावू नयेत.) फोटो निघाले, साताऱ्याला गेले, कौतुक झालं. ऑगस्टमध्ये ते परत गेले.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि पहिला पोपडा दिसला. जिन्याच्या पायरीवर, नखाएवढा. ओढून पाहिला तर बोटभर लांब पट्टी सोलून आली, उन्हात भाजलेल्या कातडीसारखी. खालचं लाकूड काळपट आणि ओलं. मेपर्यंत निम्मा डेक महारोग झाल्यासारखा दिसायला लागला.

कारण साधं आहे. सॉलिड रंग लाकडावर पापुद्रा धरतो. खाली फळीत पाणी होतंच. ऊन पडलं की ते बाहेर यायला बघतं, आणि वर झाकण. शिवाय फळ्यांच्या बाजूंनी, टोकांनी, खिळ्यांच्या भोकांतून नवीन पाणी आत जातच असतं, ते वरून निघत नाही. मग ते पापुद्र्यालाच ढकलतं. म्हणजे जो थर पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी लावला, त्यानेच पाणी आत कोंडून ठेवलं. बाबांनी एका शब्दात सांगितलं होतं : पोपडे.

आणि खरी शिक्षा पुढे होती. असा रंग निम्मा गेला तरी उरलेला निम्मा चिवट असतो. त्याच्यावर नवा थर दिला तर नवा थर जुन्या पोपड्यासकट निघतो. सगळा काढायलाच हवा. आधी रंग उतरवण्याचं रसायन, मग खरवडणं, मग सँडर, तोंडाला मास्क लावून, कारण त्या भुश्यात औषध असतं. फळ्यांचं एक वेळ जमतं, मशीन चालतं. उभ्या दांड्यांना चार बाजू असतात. चौऱ्याहत्तर गुणिले चार. २०१७ आणि २०१८ चे सगळे मोकळे शनिवार मी त्या कठड्याशी घालवले. मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची. ती काचेच्या दाराआडून विचारायची, "बाबा, आज तरी संपणार का?" त्या शनिवारांचा हिशोब मी अजून त्या डब्याच्या नावावर मांडून ठेवलाय. त्यातला निम्मा माझ्या स्वतःच्या नावावर आहे हे अर्थातच मान्य.

म्हणून माझं मत. स्टेन निवडताना आपण विचारतो, 'टिकतो किती?' तो प्रश्न चुकीचा आहे. उघड्यावरच्या आडव्या लाकडावर काहीही कायमचं टिकत नाही. विचारायचं ते असं, की 'हा खराब होतो तेव्हा कसा होतो? आणि तेव्हा मला काय करावं लागतं?'

या प्रश्नाची चाळणी लावली की दुकानातल्या त्या चाळीस डब्यांचे दोनच ढीग उरतात. एक, लाकडाच्या वर बसणारे. दोन, लाकडात मुरणारे. वर बसणारा जाताना पोपडे सोडून जातो. मुरणारा हळूहळू फिका होत विरून जातो. तो विरला की डेक धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा एक हात द्यायचा, खरवडणं जवळपास नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एक प्रोग्रॅम वर्षभर मस्त चालून एक दिवस सगळा डेटा घेऊन कोसळतो, दुसरा हळूहळू मंदावतो आणि आधीपासून सांगत राहतो की माझ्याकडे बघा. मला दुसराच हवा.

मुरणाऱ्यांतही प्रश्न उरतो तो रंगाच्या दाटपणाचा. अगदी पारदर्शक घेतला तर लाकूड सुंदर दिसतं, पण ऊन अडवायचं काम त्यातले रंगाचे कण करतात आणि तेच नसतील तर एका उन्हाळ्यात लाकूड राखाडी. सॉलिडमध्ये कण भरपूर, पण तिथे पापुद्रा आला. मधला सेमी-ट्रान्सपरंट, म्हणजे रंग आहे आणि लाकडाच्या रेषाही दिसतात, हा नव्या डेकसाठी माझा कौल. हे काही मी शोधलेलं नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, १९१० सालापासूनची. तिथे १९५० च्या दशकात जवसाचं तेल, मेण आणि रंगाचे कण मिसळून लाकडात मुरणारा असा लेप तयार केला. 'मॅडिसन फॉर्म्युला' म्हणतात त्याला. आजचे मुरणारे तेलकट स्टेन साधारण त्याच वाटेने जातात. जवस म्हणजे आपल्या चटणीतलं जवस बरं का.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. मुरणारा स्टेन दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावा लागतो, त्यातही कठड्यापेक्षा पायाखालच्या फळ्यांना लवकर. सावलीतल्या बाजूला जवसाच्या तेलावर काळी बुरशी धरू शकते, आमच्या उत्तरेच्या कोपऱ्यात धरलीच. डेक जुना, चिरा पडलेला, ठिगळं लावलेला असेल तर सॉलिड रंग लावून लाज झाकणं समजू शकतो. आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांनी सरळ प्लॅस्टिकमिश्रित फळ्यांचा डेक बांधावा, आधी पैसे जास्त पण शनिवार आपले. हे सगळे शहाणपणाचे पर्याय आहेत. शहाणपणाचा नसलेला पर्याय एकच : ओल्या, नव्या लाकडावर घाईने जाड थर.

२०२२ मध्ये ते घर विकलं. नव्या घराचा डेक बांधून झाला २०२३ च्या जूनमध्ये. यावेळी मी काहीच लावलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. शेजारचे काका (वय सत्तर, दर रविवारी लॉन कापणारे) कुंपणावरून दोनदा विचारून गेले, सगळं ठीक आहे ना म्हणून. घरातूनही विचारणा झाली. मी रोज संध्याकाळी चहा घेऊन डेकवर जायचो आणि फळीवर चार थेंब पाणी शिंपडायचो. एवढीच परीक्षा आहे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर लाकूड म्हणतंय, 'पोट भरलंय, नको.' पाच-दहा मिनिटांत जिरून डाग गडद झाला तर म्हणतंय, 'आण आता.' सावलीत, उन्हात, पायरीवर, सगळीकडे बघायचं, कारण जिथे ऊन कमी तिथलं लाकूड मागे राहतं. इंजिनिअर असल्याने माझा थेंबांवर भागलं नाही, तीसेक डॉलरचं ओलावा मोजायचं यंत्रही आणलं. दोन टोकदार पिना फळीत खुपसायच्या, आकडा येतो. जूनमध्ये तिशीच्या पुढे होता. १५ टक्क्यांच्या खाली आला तेव्हा सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता.

मग काय, वर्षभर थांबायचं का? नाही. हाही एक जुना गैरसमज आहे. वर्षभरात ऊन वरचे धागे खाऊन टाकतं आणि मग आपण मेलेल्या लाकडावर स्टेन लावतो. वाळलं रे वाळलं की लावायचं. कुठे सहा आठवडे लागतील, कुठे चार महिने. कॅलेंडर नाही, थेंब बघायचा. आणि ज्याला अजिबात थांबायचं नाही त्याच्यासाठी औषध पाजल्यावर पुन्हा भट्टीत वाळवलेलं लाकूड मिळतं. महाग असतं, पण पोपड्यांपेक्षा स्वस्त.

लावण्याआधी धुणं. नव्या डेकवरही वखारीची धूळ, बूट, परागकण बसलेले असतात आणि रंधा मारलेला पृष्ठभाग चकचकीत, मिटलेला असतो. ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पाण्यात कालवून मऊ ब्रशने घासायचं. कपड्यांच्या पावडरीत असतं तेच. ते अल्कधर्मी असल्यामुळे लाकूड काळवंडतं, म्हणून मागून ऑक्झॅलिक ॲसिडचा सौम्य हात. आंबट चुक्याच्या भाजीला जो आंबटपणा असतो ना, त्यातलंच हे ॲसिड, फक्त इथे हातमोजे आणि चष्मा घालायचा. पाच मिनिटांत लाकूड उजळतं, बघत राहावंसं वाटतं. पाण्याची जोरदार फवारणी करणारं मशीन मात्र जवळ धरू नका, लाकडाच्या अंगावर लव उभी राहते. मग पुन्हा दोन-तीन कोरडे दिवस. हो, पुन्हा थांबायचं!

दिवस कसा निवडायचा? कडक ऊन नको, फळी तापली की तेल मुरायच्या आत सुकतं. पाऊस दुसऱ्या दिवसापर्यंत नको. रात्री दव पडणार असेल तर दुपारी लवकर आटपायचं. आमच्याकडे मेमध्ये झाडांचे पिवळे पराग पडतात आणि जुलैत संध्याकाळी वादळं येतात, त्यामुळे सप्टेंबर उत्तम. दोन डबे असतील तर एका बादलीत एकत्र करायचे, नाहीतर अर्ध्या डेकवर रंगाची छटा बदलते. मधून मधून तळापासून ढवळायचं, रंगाचे कण खाली बसतात.

आणि आता मुख्य गोष्ट. शाळेत असताना ज्यांनी नवी क्रिकेट बॅट घेतली असेल त्यांना आठवेल. बॅटला जवसाचं तेल पाजायचं असतं. एक पातळ हात, रात्रभर आडवी ठेवायची, पुसायची, मग दुसरा. आमच्यातल्या एकाने उत्साहात बॅट तेलात न्हाऊ घातली. ती जड झाली, मऊ झाली, आणि मोसमभर चेंडू जिथल्या तिथे पडायला लागला. डेकचं अगदी तेच. पिईल तेवढंच पाजायचं. दोन किंवा तीन फळ्या घ्यायच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जायचं, मध्ये सोडलं तर जिथे ओला हात सुकलेल्यावर चढतो तिथे कायमचा पट्टा दिसतो. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जास्त पाजायचं, तिथून लाकूड नळीसारखं पाणी ओढतं. आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर चकाकणारं जे उरलं असेल ते फडक्याने पुसून टाकायचं. इथे जीव वर-खाली होतो, पैशाचं तेल पुसतोय म्हणून. पुसा. न पुसलेलं तेल चिकट राहतं, आणि मुरणाऱ्या स्टेनचाही शेवटी पापुद्राच होतो.

त्या फडक्यांबद्दल एक वाक्य फार गंभीरपणे. जवसाचं तेल सुकतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि त्यात उष्णता निघते. फडकी चुरगळून ढिगात टाकली तर ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता आग लागते. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्यापासून तासा-दीड तासावरच्या फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी रात्री आग लागली, ती अशाच तेलाच्या फडक्यांतून, २२ व्या मजल्यावर. तीन अग्निशामक जवान गेले. फडकी एकेक करून बाहेर उघड्यावर पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. गराजमध्ये गोळा करून ठेवू नका. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

पूर्ण काम दोन दिवसांत झालं. कठडा यावेळी मुद्दाम काळ्या धातूच्या दांड्यांचा घेतलाय, माणूस कधीतरी शिकतोच. २०२५ च्या सप्टेंबरात दुसरा हात दिला : शुक्रवारी धुतलं, रविवारपर्यंत वाळलं, आणि रविवारी दुपारी एकपर्यंत आटपलं. खरवडणं शून्य. तेव्हा मुलीने एक पायरी एकटीने केली, ती अजून सगळ्यांना दाखवते.

बाबा आता येत नाहीत. गुडघे आणि वीस तासांचा प्रवास, दोन्ही एकत्र जमत नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र डेक बघायला मागतात. पहिल्यांदा स्टेन लावून झाल्यावर मी फोन फळीजवळ नेला, तर म्हणाले, "पाणी टाक बघू." टाकलं. थेंब उभे राहिले. लावण्याआधी जे थेंब 'अजून नाही' सांगत होते, तेच आता 'झालं' सांगत होते. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "किती महिने थांबलास?"

"तीन."

"हं," म्हणाले, आणि आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला. २०१६ चा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मीच काढायला हवा होता, अजून काढलेला नाही. या लेखाची लिंक पाठवीन म्हणतो.

असो. मित्राचं काय झालं ते सांगायचं राहिलं. हात जोडलेल्या स्मायलीनंतर दोन दिवस शांतता होती. काल रात्री त्याचा आठ सेकंदांचा व्हिडिओ आला. फळीवर पेल्यातून पाणी ओततोय, आणि पाणी जागेवरून हलत नाहीये. खाली लिहिलंय, "अजून नाही ना?"

मी लिहिलं, "अजून नाही."